ठाण्यात मुक्काम, मुंबईत भटकंती: गाणं, खरेदी आणि चार दिवसांची सुट्टी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या नौपाड्यातल्या घरचा फोन वाजायला लागतो. सांगलीची आत्या, अकोल्याचे मेहुणे, रत्नागिरीच्या मावशीची सून... सगळ्यांना मुंबई बघायची असते आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना गाण्याची आवड आहे, म्हणून उत्तरांत गाणं जरा जास्त आलंय. मॉलबद्दल फार काही सापडणार नाही.

मुंबईच बघायची आहे, मग ठाण्यात का राहायचं?

नातेवाईक असतील तर हा प्रश्नच येत नाही. हॉटेलातच राहणार असाल तरी ठाणं सोयीचं पडतं, कारण इथून दोन्हीकडे वाट फुटते. मध्य रेल्वेच्या फास्ट लोकलने तासाभरात सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) गाठता येतं आणि नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी वाशी, नेरुळ, पनवेलकडे जाते. कोकणकन्या, मांडवी, विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबतात. एसटीने येणाऱ्यांना खोपट किंवा वंदनाला उतरता येतं. दादर-गिरगावात राहायला मिळालं तर उत्तमच, पण तिथल्या खोलीच्या भाड्यात इथे दोन खोल्या मिळतील.

हॉटेल बघताना मात्र ‘ठाणे’ एवढंच वाचून बुकिंग करू नका. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे खोली घेतलीत, तर स्टेशनवर पोहोचेपर्यंतच निम्मा उत्साह संपतो. नौपाडा, पाचपाखाडी, स्टेशन परिसर यांतलं काही मिळतंय का ते आधी बघा.

चार दिवस पुरतील का? वाटणी कशी करायची?

पुरतात, पण यादी बाजूला ठेवायला हवी. पाहुणे येतात ते वीस ठिकाणांची यादी घेऊन: गेटवे, जुहू, सिद्धिविनायक, हाजी अली, राणीचा बाग, शिवाय कुणाचा तरी बंगला. मग सकाळी गेटवे आणि दुपारी जुहू असं ठरतं आणि दिवस टॅक्सीत जातो. मुंबई ही दक्षिणोत्तर लांब पट्टी आहे. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरायची, सकाळी सगळ्यात लांबच्या टोकाला जायचं आणि ठाण्याकडे सरकत यायचं. आमचा ठरलेला क्रम असा: एक दिवस फोर्ट-कुलाबा, एक दिवस गिरगाव-दादर, एक दिवस नवी मुंबई आणि एक दिवस ठाणं. ठाण्याचा दिवस मधे घाला, शेवटी नको. दोन दिवस लोकलने फिरल्यावर पायांना विश्रांती हवी असते.

आणि संध्याकाळचा कार्यक्रम आधी ठरवा. गाण्याचं किंवा नाटकाचं तिकीट ज्या दिवशीचं मिळेल, त्या दिवसाची दिशा तीच.

लोकलची भीती वाटते. खरंच एवढी गर्दी असते?

असते. सकाळी साडेसात ते साडेदहा मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी साडेपाचनंतर नऊपर्यंत ठाण्याच्या दिशेने. सुट्टीवर आलेल्या माणसाने त्या वेळी गाडीत शिरण्याचं काही कारण नाही. अकराच्या सुमाराला निघा. संध्याकाळी कार्यक्रम ऐकून किंवा जेवून साडेनऊनंतर परत फिरा.

जाताना कल्याण-बदलापूरहून भरून आलेल्या फास्ट गाडीत घुसण्यापेक्षा ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा. वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळतं आणि भायखळा, मशीद ही स्टेशनं खिडकीतून दिसतात. येताना सीएसएमटीवर इंडिकेटरला ठाणे लोकल लागेपर्यंत थांबा. गर्दीच्या वेळी कर्जत-कसारा गाडीत ठाण्यासाठी चढलात तर आतले लोक बोलून दाखवतात, आणि दारापर्यंत यायला जमलं नाही तर थेट दिवा किंवा डोंबिवलीला पोहोचाल.

तिकिटासाठी रांग लावू नका, मोबाइलवर काढा. एक, तीन आणि पाच दिवसांचा पर्यटक पासही मिळतो. फर्स्ट क्लासचं तिकीट नसताना त्या डब्यात चढू नका. दंड होतो आणि चारचौघांत शोभा होते ती वेगळीच.

मेगाब्लॉक म्हणजे काय?

रविवारी रुळांच्या कामासाठी काही तास काही मार्ग बंद ठेवतात. शनिवारी संध्याकाळी बातम्यांत किंवा एम-इंडिकेटर या मोबाइल अ‍ॅपवर बघून घ्या. ट्रान्स हार्बरवर असेल तर नवी मुंबईचा बेत दुसऱ्या दिवशी.

आमची गाडी घेऊन यावी का?

गावाहून येण्यापुरती आणा, मग सोसायटीत लावून ठेवा. १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, हे खरं. पण काळबादेवीत पार्किंग शोधताना वाचलेला टोल आठवणारही नाही. एक गाडीचा दिवस करायचाच असेल तर नवी मुंबईसाठी करा. अटल सेतू (१२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, लांबी सुमारे २१.८ किलोमीटर) बघण्याचा हट्ट मुलं धरतातच. वर थांबून फोटो काढायला मनाई आहे, हे गाडीत बसण्यापूर्वीच सांगा.

आणखी एक. शीव आणि वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी आणि बस. ‘रिक्षाने जाऊ’ म्हणत पाहुणे सीएसएमटीबाहेर उभे राहतात.

फोर्टच्या दिवशी काय काय होईल?

सीएसएमटीची इमारत हे पहिलं ठिकाण, आणि ती घाईत मागे टाकू नका. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहून वर बघा: दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं. ठाणेकर म्हणून पाहुण्यांना आम्ही एक गोष्ट ऐकवतोच. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला आली. ३४ किलोमीटर, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. म्हणजे तुम्ही सकाळी जो प्रवास केला तोच, उलट दिशेने.

तिथून हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवे हे सगळं रमतगमत चालत होतं. संग्रहालयाला किमान दोन तास द्या. मरिन ड्राइव्हवर दुपारी बाराला जाण्यात अर्थ नाही, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोहोचा. चालवत नसेल तर सीएसएमटीवरूनच भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही स्टेशनं वाटेत लागतात.

एलिफंटाला जावं का?

जावं, पण मग अख्खा दिवस द्यावा. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. वर चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत.

गाण्याच्या खुणा कुठे बघायच्या?

हा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे उत्तर लांबणार.

सुरुवात गिरगावातून करा. दादरपर्यंत लोकल, तिथून भुयारी मेट्रोने गिरगाव. आधी रॉयल ऑपेरा हाउस. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे नाट्यगृह नव्वदच्या दशकात बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, ज्योत्स्ना भोळे इथल्या रंगमंचावर गायलेले आहेत. नुसतं बाहेरून बघून समाधान होत नाही, एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढूनच आत जा. याच भागात प्रा. बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय. लहानगे कुमार गंधर्व गाणं शिकायला आले ते इथे. तिथून खाडिलकर रोडला केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासूनचा तिथला सार्वजनिक गणपती मुंबईतला पहिला मानतात, आणि गणपतीतल्या मेळ्यांनी, म्हणजे गाणी-संवाद सादर करणाऱ्या पथकांनी, किती गायकांना पहिला रंगमंच दिला, ते वेगळं सांगायला नको. मग खोताची वाडी. ती लोकांची राहती घरं आहेत, दारात उभं राहून सेल्फी काढू नका.

भेंडी बाजाराचं नाव गायकीच्या एका घराण्याला मिळालंय. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे बंधू उत्तरेतून येऊन त्या वस्तीत राहिले. अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि तरुण लता मंगेशकरांना काही काळ याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांची तालीम मिळाली. आज तिथे गेलात तर पुनर्विकासाचे टॉवर दिसतील. गायकी टिकली, गल्ली बदलली. मी पाहुण्यांना तिथे मुद्दाम नेत नाही. गाडी मशीद-सँडहर्स्ट रोडवरून जाताना हात करून दाखवते.

काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं. कॅसेट-सीडीच्या काळात आमच्या पिढीचं ते तीर्थक्षेत्र. २०१६ मध्ये बंद झालं.

नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मात्र चुकवू नका. संस्था १९६९ ची, त्यातलं टाटा थिएटर १९८० चं. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. भारतीय संगीत मायक्रोफोनशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावं, हा विचार त्या बांधणीत आहे. तंबोरे जुळवताना डोळे मिटून बसा, मग कळतं. इथे उशिरा आलेल्यांना आत सोडण्याबाबत फार काटेकोर असतात. ठाण्याहून येताना अर्धा तास हाताशी ठेवूनच निघा.

लतादीदींचं घर, रफीसाहेबांचं घर, रेकॉर्डिंग स्टुडिओ आतून बघता येतात का?

नाही. पेडर रोडचं प्रभुकुंज ही राहती इमारत आहे. १९५४ चा मेहबूब स्टुडिओ वांद्र्यात रस्त्यावरून दिसतो, आत ओळखीशिवाय प्रवेश नाही. वांद्र्यातच रफीसाहेबांच्या नावाचा चौक आहे, तिथे फोटो काढता येतो. किशोरकुमारांच्या जुहूच्या बंगल्यात आता हॉटेल आहे, म्हणजे तिथे निदान जेवता तरी येईल. पण एवढ्यासाठी ठाण्याहून वांद्रे-जुहू करू नका. त्यापेक्षा एक मैफल ऐका.

मैफल किंवा नाटक कधी, कुठे आहे ते कसं कळणार?

मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती अजूनही सगळ्यात भरवशाच्या. शनिवार-रविवारच्या अंकात भरपूर असतात. ऑनलाइनसाठी बुक माय शो आणि खास मराठी नाटकांसाठी तिकिटालय. खिडकीवर जायचं तर ‘प्लॅन’ म्हणजे तिकीटविक्री कधी उघडते ते विचारून घ्या, पहिल्या दिवशी चांगल्या जागा मिळतात. दादरचं शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, वाशीचं विष्णुदास भावे, ठाण्यातलं गडकरी आणि घाणेकर ही नावं डोक्यात ठेवा. फेब्रुवारीत येत असाल तर काळा घोडा महोत्सवाच्या तारखा बघा.

रात्री परत येण्याची काळजी करू नका. बाराच्या सुमारापर्यंत सीएसएमटीहून गाड्या असतात, आणि गाणं ऐकून परतणारे ठाणेकर तुम्हाला डब्यात भेटतीलच.

ठाण्यात बघण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी पाचला तलावपाळीवर या, म्हणजे मासुंदा तलावावर. काठाला कौपिनेश्वराचं मंदिर, पलीकडे जुनं सेंट जॉन चर्च, पाण्यात होड्या. आणि तलावाला लागूनच राम गणेश गडकरी रंगायतन. १९७८ मध्ये सुरू झालेलं हे नाट्यगृह मोठ्या दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. नाटक बघा, मध्यंतरात बटाटेवडा खा, तलावाला एक फेरी मारा. एवढं केलंत की ठाणं बघितलं असं खुशाल सांगा.

गाण्याच्या दृष्टीने ठाणं अगदीच कोरडं नाही. जनकवी पी. सावळाराम इथलेच. लता मंगेशकर आणि संगीतकार वसंत प्रभू यांच्याबरोबरची त्यांची गाणी रेडिओवर लागली की अजून हातातलं काम थांबतं, आणि हेच गृहस्थ ठाण्याचे नगराध्यक्षही होते. महापालिका दरवर्षी गायक पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवते. तारखा जुळल्या तर एक संध्याकाळ त्याला द्याच.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळीला तरुणाईची इतकी गर्दी उसळते की गाणं कमी आणि डोकी जास्त. सासूबाईंना पहाटेचे राग ऐकवायचे असतील तर सभागृहातला कार्यक्रम शोधा. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा मात्र बघण्यासारखी. दहीहंडीला ठाण्यात फिरायचा बेत अजिबात नको.

नवी मुंबईत एक दिवस घालवण्याइतकं आहे का?

हिवाळ्यात नक्की आहे. साधारण नोव्हेंबर ते मे रोहित म्हणजे फ्लेमिंगो ठाणे खाडीत असतात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने नेतात. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी बुकिंग करा आणि मिळेल त्या वेळेला जा. ट्रान्स हार्बरवर ऐरोली हे जवळचं स्टेशन.

तिथून वाशी. गाणाऱ्यांसाठी वाशीला एक पत्ता आहे: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू. प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद अशा ज्यांच्या परीक्षा आपल्यापैकी अर्ध्या घरांनी दिल्यात, तेच मंडळ. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याची ही परंपरा. तिथे पर्यटनस्थळासारखं काही नाही, विद्यार्थ्यांचा रियाज कानावर पडतो. माझ्या भाचीने प्रमाणपत्रावरचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळवून बघितलं आणि ती भलतीच खूश झाली.

मॉल हवेच असतील तर वाशीचं इनऑर्बिट किंवा सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरचं नेक्सस (पूर्वीचं ग्रँड सेंट्रल). उन्हाळ्यात एसीपुरते बरे.

डी. वाय. पाटील स्टेडियमला मोठा कॉन्सर्ट आहे, मुलगी मागे लागली आहे. ठाण्याहून जमेल?

जमेल. नेरुळचं हे स्टेडियम आता देशातल्या मोठ्या मैफलींचं ठिकाण झालंय: २०१७ मध्ये जस्टिन बीबर, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम. ठाण्याहून थेट नेरुळची किंवा पनवेलची गाडी घ्या, वाशी लोकलमध्ये बसू नका. स्वतःची गाडी नेलीत तर बाहेर पडायलाच तास-दीड तास जाईल. संपण्याच्या वेळेला परतीची शेवटची ट्रान्स हार्बर गाडी कितीची आहे ते आधीच पाहून ठेवा. ती मेन लाइनपेक्षा लवकर संपते. चुकली तर ओला-उबरचे दर त्या रात्री आभाळाला भिडलेले असतात. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच. कुणा ‘ओळखीच्या माणसाकडे’ आहे असं ऐकलं तर पैसे पाठवू नका.

खरेदी कुठे करायची?

आधी वार बघा. मंगळदास मार्केट आणि झवेरी बाजार रविवारी बंद. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद. चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. सुट्टीचा नेमका तोच दिवस निवडून परत आलेले पाहुणे आमच्याकडे दर वर्षी असतात.

कापडासाठी मंगळदास. गल्ल्यांत पांढऱ्या गाद्यांवर ठाण मांडलेले दुकानदार, समोर सुती, लिनन, ब्लाउजपीस, अस्तर. विकत घेणार नसाल तर ठाण उलगडायला लावू नका. शेजारीच क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई: सुकामेवा, केकचं सामान, घरगुती काहीबाही. साड्या दादरच्या हिंदमाताला, लग्नाची किरकोळ खरेदी रानडे रोडला. कुलाबा कॉजवेवर पहिल्या सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर सुरुवात करा, लाजू नका.

आणि इतकं लांब जायचं नसेल तर ठाण्यातला गोखले रोड आणि राम मारुती रोड पुरेसा आहे. आमची आत्या तीन दिवस मुंबई फिरून शेवटी सगळ्या कुर्त्या राम मारुती रोडलाच घेते.

मुलाला पेटी (हार्मोनियम) घ्यायची आहे. मुंबईतून घ्यावी का?

गावात चांगलं दुकान नसेल तर हो. दादरला हरिभाऊ विश्वनाथ, आणि पाश्चात्त्य वाद्यांसाठी धोबी तलावला फुर्टाडोज. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी, दुपारी जा.

पेटी वाजवून बघण्याआधी एक करा. स्वरपट्टीला हात न लावता भाता पूर्ण भरा आणि सोडून द्या. हवा लगेच निघून गेली, तर कुठेतरी गळती आहे. मग खालच्या षड्जापासून वरपर्यंत एकेक सूर सावकाश दाबा, काळ्या पट्ट्यासुद्धा. एखादा सूर उशिरा बोलतो, एखादा दाब कमी झाला की घरंगळतो. पट्टी सोडल्यावरही सूर गुणगुणत राहिला तर ती पेटी बाजूला ठेवायला सांगा. कपलरची (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातला तोच सूरही वाजवणारी) पेटी दिसायला भारी, पण लहान मुलाला वजन आणि दाब दोन्ही जास्त होतात. तबला घेणार असाल तर घरात कोण गाणार ते आधी ठरवा. बाईच्या काळी चार-पाचला, म्हणजे उंच पट्टीला, लहान तोंडाचा तबला लागतो, पुरुषी पट्टीला मोठा. शाईला भेग नाही ना, तेही उजेडात धरून बघा.

लोकलमधून पेटी नेताना लगेजचा डबा धरा.

आई-वडील बरोबर आहेत, गुडघे दुखतात. काय गाळावं?

एलिफंटा, आणि गर्दीच्या वेळी कुठलीही लोकल. दिवसाला एक ठिकाण आणि एक कार्यक्रम पुष्कळ. सीएसएमटीवरून एनसीपीएच्या दिशेने दुमजली एसी बस जाते, तीत वरच्या मजल्यावर बसवलंत तर फोर्ट बसल्या जागी दिसतो. ठाणे स्टेशनवर सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, फक्त कुठल्या टोकाला ते हमालाला विचारा.

खायचं काय?

ठाण्यात मामलेदारची मिसळ. तिखट झेपत नसेल तर आधीच ‘कमी तिखट’ सांगा, आणि तरीही पाणी जवळ ठेवा. स्टेशनजवळ कुंजविहारचा भला मोठा वडापाव, नौपाड्यात गजाननचा वडापाव पिवळ्या चटणीबरोबर. कुठला सरस यावर ठाण्यात दोन पक्ष आहेत, मी त्यात पडत नाही. दादरला आस्वाद किंवा मामा काणे, गिरगावात पणशीकर.

पावसाळ्यात आलो तर?

फिरायला मजा येते, फक्त मोठ्या भरतीच्या दिवशी मुसळधार पाऊस असेल तर घरीच थांबा. रुळांवर पाणी आलं की गाड्या थांबतात आणि कुर्ला-शीवच्या मधे अडकून बसावं लागतं. पाऊस आणि कार्यक्रम दोन्ही हवेत तर ठाण्यातलंच तिकीट काढा.

शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची आहे, सामानाचं काय करायचं?

सामान घेऊन मुंबईत फिरू नका. हॉटेलात विनंती केली तर संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात. नातेवाइकांकडे असाल तर दुपारी जेवून झोपा, चारला उठून चहा घ्या, राहिलेली खरेदी गोखले रोडला उरका आणि गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनला निघा. रिक्षावाला सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनसमोरच्या बसच्या पुलाच्या, खाली सोडतो. फलाट किती नंबर ते तिथेच बघून घ्या, कारण चुकीच्या पुलावर चढलात तर बॅगा घेऊन पुन्हा खाली उतरावं लागतं.